माझा अर्धा एकर आणि भिवराबाई

१५ एप्रिल, दुपार
आजपासून मी इंटर्न झाले. वय वर्षं बावन्न. गावाच्या कुरणाची निगा राखायला शिकायचं, दोन महिने. त्याला समर इंटर्नशिप म्हणतात. कॉलेजची मुलं उन्हाळ्यात इकडे यायला तयार झाली नाहीत म्हणून संस्थेनं गावातल्या बायका घेतल्या, असं शेजारची छबुबाई म्हणते. तिला घेतलं नाही.

संस्थेचे रविराज सर बीडहून मोटारसायकलवर येतात. त्यांनी सांगितलं, इंटर्न दोघी. दोघींना कुरणात अर्धा-अर्धा एकर. तिथं गवत परत आणून दाखवायचं. जिचं काम चांगलं होईल तिला पुढं वर्षभर सगळ्या कुरणाची राखणदार करणार. १४ जूनच्या ग्रामसभेत नाव ठरेल.

आता ह्यात ठरवायचं काय आहे, ते मला कळलं नाही. हे कुरण आमच्या ह्यांनी अठरा वर्षं राखलं. हे गेल्यापासून तीन वर्षं फाटकाची किल्ली माझ्या कमरेच्या दोरीला आहे. दुसरी इंटर्न भिवराबाई, आमच्या मागच्या गल्लीतली. जन्म मेंढरांमागं गेला तिचा. लिहिता-वाचता येत नाही. माझ्या सोबतीला म्हणून तिला घेतलं असणार.

संकल्प: रोज पाचला उठणे. रोज एक गवत पाठ करणे. भिवराबाईशी गोडीनं वागणे, म्हणजे जूनमध्ये तिला जड जाणार नाही.

१६ एप्रिल
पावणेसातला उठले. भिवराबाई सहापासून फाटकापाशी बसून होती. किल्ली माझ्याकडे, त्याला मी काय करू. काही बोलली नाही. न बोलून माणसाला लाजवायची तिची पद्धत आहे.

दोघींना हिरव्या कॅप मिळाल्या. माझ्या कॅपवर डाग आहे. बदलून मागितली नाही. सरांना फक्त डाग दाखवला. भिवराबाईनं आपली काढून माझ्या हातात दिली आणि डागाची स्वतः घातली. सर म्हणाले, वा. म्हणजे ह्यातही तिचंच नाव झालं.

१७ एप्रिल
प्लॉट वाटले. चिठ्ठ्या टाकल्या. तिला आतल्या बाजूचा आला, तिथं गेल्या वर्षीच्या गवताचे बुडखे तरी आहेत. मला रस्त्याकडचा, टकल्या माणसाच्या डोक्यासारखा. चिठ्ठी मीच आधी उचलली होती. सभ्यपणा म्हणून तिनं मला पुढं केलं. त्यात काही डाव असेल असं मी म्हणत नाही.

२० एप्रिल
परीक्षा. सरांनी गोणपाटावर सात वाळलेल्या गवतांच्या पेंढ्या मांडल्या आणि नावं विचारली. मी कृषी खात्याच्या पुस्तकातून सगळी पाठ केली होती. पण पुस्तकातली चित्रं हिरवी आणि गोणपाटावरची गवतं पिवळी. हा पुस्तकाचा दोष. माझी तीन बरोबर आली.

भिवराबाईची सात. तिनं काडी चावून बघितली. म्हणाली, पवन्या गोडसर लागतोय बगा, आन कुसळीच्या काडीला चवच न्हाई, जनावर बी उपाशी असल्याबिगर तोंड लावत न्हाई. मी सरांना म्हणाले, चावून ओळखणं म्हणजे परीक्षा नव्हे, शेळीसुद्धा सात ओळखील. सर हसले. भिवराबाई माझ्यापेक्षा जास्त हसली. म्हणाली, वहिनी, शेळी नऊ वळखंल, दोन तर सरांनी आणलीच न्हाईत.

सरांनी हे वहीत लिहून घेतलं. माझं काही लिहून घेतलं नाही.

२१ एप्रिल
ग्रुपवर फोटो आला. भिवराबाई मधोमध, काडी चावताना. डाव्या कडेला एक कोपर दिसतं, ते माझं. स्टेटसला ठेवला नाही.

मी वाचायला एकोणतिसाव्या वर्षी शिकले. गुळाच्या कागदावरून सुरुवात केली. पुढं हे शिरूरच्या वाचनालयातून पुस्तकं आणायचे, एका वेळी दोन. एक त्यांना, एक मला. दोन्ही मीच वाचायची. आता कार्ड एकाच नावाचं चालतं म्हणून एकच मिळतं. लवकर संपतं.

२८ एप्रिल
आज एक गोष्ट झाली. लिहू की नको असं करत लिहिते.

कुरणात एक हिवराचं झाड आहे. सावलीला तेवढंच. दुपारी तिघं तिथं बसलो होतो. भिवराबाई ह्यांचा विषय काढून सरांना म्हणाली, मोहनभाऊ हितंच बसायचे. मला इचारायचे, भिवरा, औंदा कोनतं गवत पुढं येनार? मी सांगायची, मग ते खिशातल्या कागदावर लिवून घ्यायचे.

मला हे माहीत नव्हतं. हे घरी येऊन म्हणायचे, कुरणात होतो. अठरा वर्षं म्हणायचे. कुरणात कोण कोण होतं हे मी विचारलं नाही. वाईट काही नाही त्यात. ती त्यांना राखी बांधायची, सगळ्या गावाला ठाऊक आहे. मला जळायचं काही कारणच नाही. फक्त एवढंच लिहून ठेवते, की चारचौघांना विचारत बसायचा ह्यांचा स्वभावच होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे. तिलाही विचारलं असेल, एखाद्या वेळी.

घरी आल्यावर ह्यांचा कोट उन्हात घातला. खिसे पाहिले. कागद नव्हता.

३० एप्रिल
नवीन संकल्प. भिवराबाईकडे लक्ष न देणे. आपल्या प्लॉटवर लक्ष.

संध्याकाळी तिच्या प्लॉटवर सहज नजर गेली. उतारावर दगडांची ओळ लावलीय, पाणी अडायला. नुसत्या नजरेनं, दोरी नाही, पट्टी नाही. मी माझी ओळ दोरीनं आखलीय. माझी सरळ आहे, तिची वाकडी. सर म्हणाले, उतार वाकडा असेल तर ओळ वाकडीच पाहिजे. तिच्या बाजूनं बोलायची त्यांना सवय लागलीय.

३ मे
उपाय सापडला. इतका सोपा की आतापर्यंत सुचला कसा नाही.

सिदू मेंढपाळ दोनशे मेंढ्या घेऊन ओढ्याकाठी उतरलाय. आपल्याकडे उन्हाळ्यात जो तो रानात मेंढ्या बसवून घेतो. एका मुक्कामात गाडीभर लेंडीखत, तेही रानभर सारखं पसरून. माझ्या टकल्या अर्ध्या एकराला हेच हवं.

अडचण एक. ह्यांचा नियम होता: पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत कुरणात जनावर नाही. पाडव्याला स्वतः कुलूप लावायचे, दसऱ्याला काढायचे. मोठमोठ्यांना परत पाठवलं त्यांनी.

विचार केला. नियम चरण्याचा आहे. मेंढ्या चरणार नाहीत, बसणार आहेत. बसण्याबद्दल हे कधी काही बोलले नव्हते. शिवाय नियम आमच्या घरचा, तर सूटही आमच्याच घरून मिळणार ना.

५ मे
अपेक्षेप्रमाणे भिवराबाई आली. पाणी प्यायच्या निमित्तानं. म्हणाली, वहिनी, आत्ता नका बसवू मेंढरं. ओढ्याकडनं आलीत. वेड्या बाभळीच्या शेंगा खाऊन पोटं टरारलीत त्यांची. लेंडीतून बी जसंच्या तसं पडतंय, अन तेच उगवतंय. दिवाळी झाली की बसवा, मी सोता सिदूला सांगते.

वेडी बाभूळ म्हणजे ओढ्याची ती काटेरी. एकदा शिरली की रान गिळते, खाली गवताची काडी उरत नाही. हे मला माहीत नाही का? पण चावलेलं बी उगवतं, हे मी कुठं वाचलेलं नाही. पुस्तक उघडून पाहिलं. खतांच्या प्रकरणात छापलंय: मेंढीखत उत्तम. पुढं शेंगांचा शब्द नाही.

मी तिला पुस्तक दाखवलं. ती म्हणाली, मला काय कळतंय त्यातलं, पर ज्यानं लिवलं त्यानं लेंडी फोडून बघितली व्हती का?

स्वतःकडे बारा शेळ्या आहेत. बारा शेळ्यांत अर्धा एकर होत नाही. दुसऱ्याच्या दोनशे बघवत नाहीत माणसाला. तरी चहा दिला, साखर नेहमीइतकीच घातली.

९ मे
तीन मुक्काम झाले. जमीन लेंड्यांनी काळीभोर. सिदूला तिन्ही दिवस भाकरी-पिठलं घातलं. जाताना म्हणाला, मामी, पाडवा झाल्यावर मोहनमामानं आमाला कदी फाटकाला हात लावू दिला न्हाई. लई कडक मानूस. तुमी लई दिलदार.

बरं वाटलं. मग थोडा वेळ बरं वाटलं नाही. मग परत बरं वाटलं.

१४ मे
सर आले. लेंड्या पाहून विचारलं, हे काय? मी म्हणाले, सेंद्रिय. त्यांनी भिवराबाईकडे बघितलं. ती दुसरीकडे बघत म्हणाली, वहिनींचं काम हाय, वहिनींना इचारा. तोंड असं केलं होतं, जसं कडू काही खाल्लंय. दुसऱ्याचं चांगलं चाललेलं पचवायला जड जातं, हे मी समजू शकते.

२० मे
अवकाळी पाऊस, दोन दिवस. छबुबाईच्या न्हाणीचा पत्रा आमच्या अंगणात आला. तो परत न्यायला आली आणि तासभर बसली. म्हणाली, तुझी ती भिवरा पावसात पोतं पांघरून कुरणात फिरत होती. मी म्हणाले, माझी कशी? छबुबाई म्हणाली, दिवसातून दहा वेळा तिचं नाव घेतेस, मला वाटलं तुझीच.

२८ मे, सकाळी
उगवलं!

माझा अर्धा एकर हिरवागार. दाट, जसं कुणी मुठीनं पेरलंय. भिवराबाईच्या प्लॉटवर बुडख्यांतून चार पाती डोकावतायत, बस. मी फोटो काढला, तिच्या प्लॉटची एक कड मुद्दाम घेतली, फरक दिसावा म्हणून. ग्रुपवर टाकला. स्टेटसलाही. बारा जणांनी पाहिला.

२८ मे, दुपारी
छबुबाई बघायला आली. म्हणाली, हे गवत कसलं गं? गवताला असली जाड जोडपानं असतात का? छबुबाई इंटर्न नाही.

तरी पुस्तक पाहिलं. स्टायलो नावाचा चारा असतो, गवत नाही, घेवड्याच्या जातीतला. जनावरांना फार चांगला. तोच असणार. सिदूच्या मेंढ्यांनी कुठल्या तरी चांगल्या रानातून आणला. म्हणजे मी गवतच नाही, त्याच्यापेक्षा वरचढ काही उगवून दाखवलं.

ग्रामसभेच्या भाषणाची सुरुवात लिहिली. दीड पान झालं. ह्यांच्यावर एक परिच्छेद, बाकी प्लॉटवर.

१ जून
स्टायलो चार बोटं उंच. हात फिरवून पाहिला. बोटाला काही टोचलं. अगदी कोवळं. स्टायलोला काटा असतो का, हे पुस्तकात दिलेलं नाही.

३ जून
सर म्हणतात परवा येऊन मोजणी करणार. मी म्हणाले, मोजायची काय गरज, डोळ्यांना दिसतंय. ते म्हणाले, काकू, रीत आहे.

भाषण दोन पानं झालं.

५ जून
सर लोखंडी चौकट घेऊन आले. एक मीटर लांब, एक मीटर रुंद. ती जमिनीवर टाकायची आणि आत काय काय उगवलंय ते मोजायचं. सर माझ्या प्लॉटवर गुडघ्यावर बसले. बराच वेळ उठले नाहीत. मग चौकट दुसरीकडे टाकली. मग तिसरीकडे.

चौकटीत सरासरी सव्वीस रोपं. सव्वीसच्या सव्वीस वेडी बाभूळ.

ते ओरडले नाहीत. म्हणाले, काकू, अर्धा एकर म्हणजे दोन हजार चौकटी. गुणाकार त्यांनी केला नाही. मीच केला. बावन्न हजार.

कुणामुळे झालं: एक, सिदू. मेंढ्या कुठं चारल्या हे त्यानं आधी सांगायला हवं होतं. दोन, पाऊस. मे महिन्यात पडायचं त्याचं काही काम नव्हतं. तीन, पुस्तक. चार, भिवराबाई. सांगितलं, पण ठासून सांगितलं नाही. पाणी पिता पिता सांगितलं. त्याला कोण सांगणं म्हणतं?

आज सकाळी पुन्हा ठेवलेलं स्टेटस काढून टाकलं. सोळा जणांनी पाहिलं होतं.

७ जून
गुपचूप पहाटे एकटी गेले. उपटून टाकायचं, कुणाला कळायच्या आत. तीन तास उपटलं. नव्वद. बावन्न हजाराला नव्वदनं भागलं. पाचशे अठ्ठ्याहत्तर दिवस, तेही नवीन काही उगवलं नाही तर.

निघताना भिवराबाई कुंपणापाशी उभी. कधीची उभी होती कोण जाणे. मी उपटलेली रोपं उचलून तिनं हातात उलटी-पालटी केली. म्हणाली, वहिनी, हे तर निस्ते शेंडे हायत. मूळ आतच राह्यलं. आता एकाचे चार व्हतील.

मी म्हणाले, मला ठाऊक आहे. ठाऊक नव्हतं.

तिनं एक रोप धरलं, जरा फिरवलं आणि सबंध मुळासकट वर काढलं. वीतभर मूळ. रोप चार बोटं आणि खाली वीतभर मूळ. घरी आल्यावर दिवसभर तेवढंच डोळ्यांपुढं होतं. पुढच्या उन्हाळ्यात ह्या रोपांना शेंगा लागल्या नाहीत तरी त्याच्या पुढच्या लागतील. ओढ्याची बाभूळ तिकडून, माझी इकडून. मधलं कुरण ह्यांचं.

१० जून
भाषण पुन्हा वाचलं. प्लॉटचा भाग काढला. पाऊण पान राहिलं.

छबुबाई म्हणाली, तू कशाला घाबरतेस? मोहनरावांच्या घरचं माणूस उभं राहिलं तर गाव नाही म्हणेल का? भिवरीला कोण विचारतंय!

हे तिनं फार चांगलं सांगितलं. मी लगेच जोरात मान डोलावली. आणि ते खरंच आहे. गाव नाही म्हणणार नाही.

१४ जून, संध्याकाळ
ग्रामसभा झाली. शाळेच्या व्हरांड्यात. साठेक माणसं.

सरांनी दोन्ही प्लॉटचं सांगितलं. माझ्या प्लॉटबद्दल म्हणाले, एक प्रयोग होता, त्यातून शिकायला मिळालं. चांगल्या घरचा मुलगा आहे. मग म्हणाले, राखणदार म्हणून कुणी नाव सुचवावं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. एक म्हातारा म्हणाला, मोहनरावाच्या घराला इचारल्याबिगर आमी कसं बोलावं?

मी उभी राहिले. पाऊण पान हातात. गावानं डोळे असे केले होते की मी माझं नाव घेतलं असतं तर टाळ्याच पडल्या असत्या. मला हवंच होतं ते. दोन महिने दुसरं काही हवं नव्हतं. भिवराबाई दाराशी बसून पदराला चिकटलेली कुसळं एकेक करून काढत होती. तिला वाटत होतं का काही, ते तोंडावरून कळेना. वीतभर मूळ कसं निघतं, ते त्या व्हरांड्यात तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. मला तर नव्हतंच.

म्हणाले, भिवराबाईचं नाव घाला.

टाळ्या पडल्या. कागद वाचला नाही.

किल्ली द्यायची म्हणून कमरेच्या दोरीची गाठ सोडायला गेले तर सुटेना. तीन वर्षांत कधी सोडलीच नव्हती, किल्ली तशीच कमरेवरून वाकून लावायची मी. सगळ्या गावापुढं छबुबाईनं दातांनी सोडवली. रविराज सरांनी नेमका त्याचा फोटो काढला.

बाहेर पडताना भिवराबाई जवळ आली. मला वाटलं आभार मानेल. काय म्हणावं ह्याची मी मनात तयारी केली, मोठेपणानं, फार लांबवायचं नाही. ती म्हणाली, वहिनी, उद्या सहाला या. जमीन वली हाय तवर काढून घेऊ. हाताला चिंध्या बांधून या.

राखणदार होऊन दहा मिनिटं नाही झाली.

१५ जून, संध्याकाळी साडेसहा
साडेपाचला गेले, तिच्या आधी पोचायचं म्हणून. फाटक उघडं होतं. ती एक ओळ काढून बसली होती. म्हणाली, या.

चिंध्या बांधल्या नव्हत्या. सांगितलं म्हणून लगेच बांधायच्या का?

तिची चारशेच्या वर निघाली. माझी एकशे दहा. त्यातली तीस तिनं मागून येऊन परत उकरली.

दुपारी हिवराखाली बसलो. ती आपणहून म्हणाली, भाऊंनी बी पैल्या वर्षी हेच केलतं. आमच्या मामंजींची मेंढरं बसवली व्हती, ऐन वैशाखात. सगळं कुरण बाभळीनं भरलं. दोन वर्षं उपटत व्हतो आमी, मी, मामंजी आन भाऊ. तवापासनं पाडव्याला कुलूप. मी आसं लई जनांना सांगितलं न्हाई वहिनी, भाऊंनीच सांगू नको म्हणून सांगितलतं. तुमाला तर सांगितलंच आसंल त्यांनी.

मी म्हणाले, हो, सांगितलं होतं.

सांगितलं नव्हतं. मला वाटायचं गवताला विसावा म्हणून कुलूप लावतात. त्या दोन वर्षांत हे रोज हात काट्यांनी भरून घरी यायचे. मी विचारायची, कुठं गेला होतात? म्हणायचे, बोरं काढत होतो. वैशाखात. आणि मी सुई घेऊन बसायची, दिव्याजवळ, एकेक काटा काढायची. वैशाखात बोरं नसतात हे मला तेव्हाही माहीत होतं. पण हात एवढा वेळ हातात असायचा, म्हणून मी पुढं विचारलं नाही.

उपटताना तिघं होते. सुई माझी एकटीची होती. हे भिवराबाईला माहीत नाही. सांगणारही नाही.

पावणेसात
आता सुई घेऊन बसलेय. डाव्या हातातले निघाले. उजव्या हातात अकरा दिसतायत, ते डाव्या हातानं निघत नाहीत. हे लिहितानाही टोचतंय. छबुबाईला जवळचं दिसत नाही. राहिली मागच्या गल्लीतली एक.

थोडं थांबते. लगेच हाक मारली तर तिला वाटेल, हिला माझ्याशिवाय चालत नाही.

सात
मारली.